पाडायला पैसे उरले नाहीत म्हणून

शिकागोहून पश्चिमेला निघालं की इलिनॉयची जमीन तासन्‌तास सपाट राहते. मका, सोयाबीन, धान्याची गोल कोठारं, गावाचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी आणि पुन्हा मका. फ्रीपोर्ट मागे पडतं, स्टॉकटन येतं आणि हायवे २० हळूहळू वळणं घ्यायला लागतो. एलिझाबेथच्या पुढे तर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना झाडीने भरलेली खोरी दिसतात. हिमयुगात हिमनद्यांनी मिडवेस्टचा बहुतेक भाग घासून सपाट केला, पण हा एक तुकडा त्यांच्या वाटेतून सुटला. भूशास्त्रात त्याला ‘ड्रिफ्टलेस एरिया’ म्हणतात. इलिनॉय राज्यातली सगळ्यांत उंच नैसर्गिक जागा, चार्ल्स माउंड, इथेच जो डेव्हिस काउंटीत आहे. उंची १,२३५ फूट. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ही उंची फार वाटणार नाही, तरी तीन तास सपाटी पाहून आलेल्या डोळ्यांना ती पुरेशी असते.

या टेकड्यांमध्ये गलीना आहे. वस्ती जेमतेम तीन हजार तीनशे. शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये या गावाचं नाव ऑक्टोबर आला की निघतंच. शॉमबर्ग, नेपरव्हिल, ऑरोराहून गाड्या निघतात, पानांचे रंग बघायचे, मेन स्ट्रीटवर भटकायचं, आइस्क्रीम खायचं आणि संध्याकाळी परत. मीही सुरुवातीला अशीच जायचे. पुढे पुढे त्या इमारतींनी धरून ठेवलं. आता मी मुद्दाम नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये जाते, पानं नसताना. मग टेकडीवरची घरं, त्यांच्या पाठी, त्यांना आधार देणाऱ्या दगडी भिंती, सगळं उघडं दिसतं.

गावाची रचना एकदा समजली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. तळाला नदी. नदीला लागून एकेकाळच्या धक्क्यावरचा, गोदामांचा रस्ता. त्याच्यावर मेन स्ट्रीट, मेन स्ट्रीटच्या वर बेंच स्ट्रीट, त्याच्याही वर प्रॉस्पेक्ट स्ट्रीट. घाटाच्या पायऱ्यांसारखे हे रस्ते एकावर एक चढत जातात आणि त्यांना जोडायला सरळ उभे जिने आहेत. मेन स्ट्रीटवरून तिमजली दिसणारी इमारत मागून बेंच स्ट्रीटवर गेलं की बुटकी होते, कारण तिचे खालचे मजले टेकडीच्या पोटात गेलेले असतात. चढत्या जिन्यांच्या कडेला चुनखडीच्या दगडांच्या भिंती आहेत. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं की त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि दगड गडद होतात. हात लावला की गारवा तळव्यात शिरतो. काही ठिकाणी भिंतीला पोट आलंय, काही ठिकाणी ती नव्याने रचलीय. नवे दगड फिकट आहेत, ओळखू येतात. कुणीतरी सतत या भिंतींकडे बघतंय हे त्यावरून कळतं.

हे सगळं आलं शिशातून. गलीना हे शिशाच्या खनिजाचंच नाव. गोरे लोक येण्याआधी कितीतरी काळ मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक लोक इथलं शिसं काढत होते, वितळवत होते, त्याचा व्यापार करत होते. १८२२ साली केंटकीहून कर्नल जेम्स जॉन्सन सरकारी परवाना घेऊन माणसं आणि अवजारं बोटींत भरून इथे आला. त्या माणसांत गुलामही होते. १८२६ मध्ये गावाची आखणी झाली. पुढच्या सहा-सात वर्षांत करारांनी आणि १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धाने मूळ रहिवाशांना या खोऱ्यातून हुसकावून लावलं. मेन स्ट्रीटवरच्या सुंदर विटांकडे बघताना ही सुरुवात विसरायची नाही, असं मी स्वतःला बजावते. माहितीफलकांवर ती फार थोडक्यात असते.

मग मात्र भरभराट अशी झाली की विश्वास बसत नाही. १८४५ च्या सुमारास अमेरिकेत निघणाऱ्या शिशापैकी जवळजवळ ८० टक्के शिसं या प्रदेशातून येत होतं. बंदुकीच्या गोळ्या, रंग, नळ, छपाईचे खिळे, सगळ्याला शिसं लागायचं. आज जी नदी ओढ्याएवढी दिसते तिच्यातून तेव्हा मिसिसिपीवरच्या आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत. सेंट लुइसच्या उत्तरेला मिसिसिपीच्या वरच्या भागातलं हे सर्वांत गजबजलेलं बंदर होतं. शिकागो त्या वेळी नुकतं कुठे मोठं व्हायला लागलं होतं. १८४५-४६ मध्ये बांधलेलं ओल्ड मार्केट हाउस आजही उभं आहे. मधे ग्रीक वळणाची इमारत, दोन्ही बाजूंना पसरलेले बुटके पंख, समोर मोकळी जागा. तिथे भाजी, मांस, अंडी विकायला शेतकरी बसत. गावाने आपल्या भाजी मंडईसाठी एवढी देखणी इमारत बांधावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मेन स्ट्रीट आज एकसारखी, एका हाताने बांधल्यासारखी दिसते. त्यालाही कारण आहे. १८५० च्या दशकात एकामागून एक आगी लागल्या, बाजारपेठेतली लाकडी दुकानं जळाली आणि तिथे पुन्हा लाकडी इमारती बांधायला बंदी आली. मग भाजलेल्या विटांच्या, एकमेकींना खांदा लावून उभ्या असलेल्या इमारती आल्या. खिडक्यांवर दगडी पट्ट्या, छताच्या कडेला नक्षीदार कंगोरे, खाली दुकान, वर राहायची जागा. ही बाजारपेठ थोड्याच वर्षांत बांधून झाली आणि लगेच काळ फिरला. म्हणून तिच्यात नंतरच्या पिढ्यांची भर फारशी दिसत नाही.

काळ फिरण्याची कारणं गावानेच तयार केली होती, हे मला त्यातलं सगळ्यांत चटका लावणारं वाटतं. शिसं वितळवायला भट्ट्या, भट्ट्यांना लाकूड, आगबोटींनाही लाकूड. टेकड्या बोडक्या झाल्या. नांगरलेल्या उतारांवरची माती आणि खाणींचा राडारोडा पावसाबरोबर नदीत आला. नदी गाळाने भरत गेली. ज्या धंद्याने बोटी गावात आणल्या त्यानेच त्यांची वाट बुजवली. त्यात १८४९ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याच्या बातमीने खाणकामगार पश्चिमेला पळाले. वरच्या थरातलं, सहज हाती लागणारं शिसं संपत आलं होतं. १८५४ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे गावात आली तेव्हा आनंद झाला, पण तिचं शेवटचं स्टेशन गलीना राहिलं नाही. लोहमार्ग पुढे मिसिसिपीच्या काठावर डनलीथपर्यंत गेला, ज्याला आज ईस्ट ड्युब्यूक म्हणतात. माल तिथून चढायला-उतरायला लागला. १८६० साली वस्ती आठ हजारांच्या आसपास होती, त्यानंतर ती घसरतच गेली.

या घसरणीचं मोजमाप मेन स्ट्रीटवर उभं राहून डोळ्यांनी घेता येतं. डिसोटो हाउस हॉटेल १८५५ मध्ये उघडलं तेव्हा पाच मजली होतं. या भागातलं सर्वांत मोठं हॉटेल म्हणून त्याची जाहिरात व्हायची. १८५६ च्या जुलैमध्ये त्याच्या सज्जातून लिंकन बोलला, दोन वर्षांनी त्याचा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लसही बोलला. आज हॉटेलसमोर उभं राहून मजले मोजा. तीनच भरतील. १८८० च्या सुमारास वरचे दोन मजले काढून टाकले, कारण एवढ्या खोल्या भरायला माणसंच येत नव्हती. इमारत कापून लहान करणं हे त्या गावाच्या मनाला काय वाटलं असेल? तरी हॉटेल मोडलं नाही. आजही तिथे खोली मिळते. खालच्या दालनात खुर्चीवर बसून खिडकीतून रस्ता बघता येतो, आणि तोच सज्जा रस्त्यावर पुढे आलेला दिसतो.

आणि इथेच मला गलीनाबद्दल सांगायची मुख्य गोष्ट येते. हे गाव सुंदर राहिलं ते गरीब झालं म्हणून. नवी दुकानं बांधायला पैसे नव्हते, म्हणून जुनी पाडली गेली नाहीत. रस्ता रुंद करण्याइतकी वर्दळ नव्हती, म्हणून तो अरुंद राहिला. आसपासच्या, नशीब उघडलेल्या गावांनी १९५०-६० च्या दशकांत आपल्या बाजारपेठा पाडून गाड्या लावायच्या जागा केल्या. गलीनाला ती ऐपत नव्हती. शंभर वर्षं हे गाव छत गळलं की पत्रा ठोकत, रंग उडाला की तसंच सोडत जगलं. आपण आज ज्याचे फोटो काढतो ते त्या शंभर वर्षांच्या ओढगस्तीने राखलेलं आहे.

मी पुण्याच्या पेठांत वाढले, म्हणून हे जास्त जाणवतं. तिथे नेमकं उलटं झालं. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात झोपवले. जे वाचले ते पुढे जमिनीच्या भावाने नेले. भाडेनियंत्रणामुळे भाडी कवडीमोल, त्यामुळे मालक दुरुस्ती करेना. भाडेकरू म्हणणार, वाडा माझा नाही, मी का करू? आणि चौकाखालच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव. वाडा पडायचीच सगळे वाट बघत होते. गलीनात जमिनीला भाव नव्हता, हेच तिथल्या विटांचं नशीब.

पण नुसत्या गरिबीने इमारती टिकत नाहीत, एका मर्यादेनंतर त्या कोसळतात. गलीनाही त्या कडेला येऊन पोचलं होतं. पुराचा उपद्रव तर होताच. १९३७ च्या पुराचे फोटो बघितले की मेन स्ट्रीटवरचं पाणी दुकानांच्या दारांत शिरलेलं दिसतं. १९५१ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी नदीकाठी बांध घातला आणि मेन स्ट्रीटच्या तोंडाशी पूरदरवाजे बसवले. हायवेवरून गावात शिरताना आपण त्या दरवाजांमधूनच जातो आणि बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. माझ्या मते गावातली सगळ्यांत महत्त्वाची ‘ऐतिहासिक’ वस्तू तीच आहे. ते जाडजूड पोलादी दरवाजे नसते तर आतल्या विटांचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

मग १९६० च्या दशकात शिकागोकडचे चित्रकार, कारागीर स्वस्त घरं शोधत इथे आले. त्यांना पडक्या इमारतींत गावकऱ्यांना सवयीने न दिसणारं काही दिसलं. गावातल्याही काही जणांनी हट्ट धरला. नियम झाले. १९६९ मध्ये गलीनाचा ऐतिहासिक विभाग अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. गावाचा सुमारे ८५ टक्के भाग त्यात येतो. म्हणजे इथे एखादं स्मारक जपलेलं नाही, अख्खं गाव जपलेलं आहे: श्रीमंताची हवेली, बेंच स्ट्रीटवरचं १८५१ चं अग्निशमन घर, चर्चं, गोदामं आणि साधी, दोन खोल्यांची खाणकामगारांची घरंसुद्धा. ही साधी घरं मला जास्त आवडतात. हवेल्या जगात सगळीकडे जपतात.

गलीनाचं नाव बाहेर माहीत आहे ते युलिसिस ग्रँटमुळे, जो यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची दोन घरं इथे आहेत आणि ती दोन्ही पाहावीत, याच क्रमाने. पहिलं हाय स्ट्रीटवरचं, डोंगरावर. १८६० च्या वसंतात ग्रँट इथे आला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. सैन्यातली नोकरी सुटलेली, शेती बुडालेली, सेंट लुइसमधला धंदा चाललेला नाही, पदरी बायको आणि चार मुलं. वडिलांच्या कातडी सामानाच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, तो कामाला लागला. ते भाड्याचं विटांचं घर आजही तसंच, साधंसुधं आहे, आणि तिथून खालच्या पेठेत उतरणारा उभा जिनाही आहे. रोज सकाळी हा माणूस त्या पायऱ्या उतरून दुकानात जायचा आणि संध्याकाळी चढून यायचा. वर्षभरात यादवी युद्ध सुरू झालं. गावातल्या स्वयंसेवकांना कवायत शिकवायला सैन्यातला माणूस हवा होता, तो हाच. एवढ्याशा गावातून उत्तरेच्या सैन्याला ग्रँटसकट नऊ जनरल मिळाले.

चार वर्षांनी, १८ ऑगस्ट १८६५ ला, तो विजयी सेनापती म्हणून परतला आणि गावातल्या धनिकांनी त्याला नदीपलीकडचं घर सामानासकट भेट दिलं. १८६० मध्ये बांधलेलं, इटालियन धाटणीचं, रुंद वळचणीचं विटांचं घर. गावाने ते अडीच हजार डॉलरला घेतलं होतं. ज्या माणसाला इथे कुणी फारसं ओळखत नव्हतं त्याला हे घर मिळालं. १८६८ च्या निवडणुकीच्या रात्री तो शेजारच्या खासदार एलिहू वॉशबर्नच्या घरी बसला होता. वॉशबर्नच्या वाचनाच्या खोलीत तारयंत्र जोडून घेतलेलं होतं आणि आपण राष्ट्राध्यक्ष झालो ही बातमी त्याला तिथे कळली.

ग्रँटच्या या भेट मिळालेल्या घराचा आपल्याशी एक धागा जुळतो. अध्यक्षपदाच्या दोन मुदती संपवून ग्रँट बायकोला घेऊन जगप्रवासाला निघाला, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत त्याची बोट मुंबईला लागली. मुक्काम मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राजभवनाच्या परिसरात. तिथून जबलपूर, आग्रा, दिल्ली, बनारस, कलकत्ता करत तो पूर्वेला गेला, आणि चीन-जपान करून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात याच घरात परतला. मलबार हिलच्या कड्यावरून अरबी समुद्र बघितलेला माणूस या छोट्या दिवाणखान्यात बसून पत्रं लिहीत असेल, हे डोळ्यांसमोर आणायला मला आवडतं. १९०४ मध्ये त्याच्या मुलांनी घर गावाला दिलं. आतलं बरंचसं सामान ग्रँट कुटुंबाचंच आहे.

तरीही मला कुणी एकच इमारत निवडायला सांगितली, तर मी ग्रीन स्ट्रीटवरचं पोस्ट ऑफिस निवडीन. १८५७ ते १८५९ मध्ये सरकारने कस्टम हाउस आणि टपाल कार्यालय म्हणून ही दगडी इमारत बांधली. नदीबंदर होतं, म्हणून जकातघर. बांधकामावर देखरेख करायला वॉशिंग्टनहून अभियंता आला, एली पार्कर. तो सेनेका जमातीचा होता. कायद्याचा अभ्यास केला होता, पण अमेरिकेचा मूळ रहिवासी म्हणजे नागरिक नाही, या कारणाने त्याला वकिली करू दिली नव्हती. म्हणून तो अभियंता झाला. गलीनात त्याची ग्रँटशी मैत्री जमली. पुढे तो ग्रँटचा लष्करी चिटणीस झाला, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली तेव्हा अटींची अंतिम प्रत पार्करच्या सुवाच्य अक्षरात लिहिली गेली. ज्या खोऱ्यातून मूळ रहिवाशांना हाकललं तिथलं सर्वांत पक्कं सरकारी काम एका मूळ रहिवाशाच्या देखरेखीखाली झालं. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की दगडांचे सांधे बघा. आजही चोख आहेत.

आणि त्या इमारतीत आजही पोस्टच आहे. दार ढकलायचं, रांगेत उभं राहायचं, तिकिटं घ्यायची. पुढे एक बाई पार्सलवरून काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालतेय, मागे कुणी हवामानाबद्दल बोलतंय. जुनी इमारत जपावी तर अशी, रोजच्या कामात ठेवून. दोरी बांधून ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावलेल्या खोल्या मी आदराने पाहते, पण जीव गुंततो तो इथे.

गावापुढची आजची अडचणही याच वापराशी जोडलेली आहे. मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानातल्या बाईंशी एकदा बराच वेळ बोलत होते. त्या गलीनाजवळच वाढलेल्या, काम गलीनात, पण राहतात मिसिसिपीपलीकडे ड्युब्यूकला. घरं आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी घेतली जातात, म्हणाल्या, आमच्यासारख्यांना इथलं भाडं झेपत नाही. गरिबीने राखलेलं गाव आता पैशापासून कसं राखायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मला वाटतं, नियमांनी दर्शनी विटा जितक्या कळकळीने जपल्या तितक्याच कळकळीने मेन स्ट्रीटच्या वरच्या मजल्यांवर माणसं राहतील याची तजवीज व्हायला हवी. तिथे संध्याकाळी दिवे लागायला हवेत, पाहुण्यांचे नव्हे, राहणाऱ्यांचे.

या ऑक्टोबरात तुम्ही जाणार असाल, तर गर्दीला कंटाळून दोन तासांत परत फिरू नका. मेन स्ट्रीटवरून खाली नदीकडे या आणि पादचारी पूल ओलांडा. पलीकडे १८५७ चं रेल्वे स्टेशन आहे, पुढे बाग, बागेत ग्रँटचा १८९१ मधला पुतळा, मग वॉशबर्नचं आणि ग्रँटचं घर. तिथून मागे वळून बघितलं की अख्खं गाव एकावर एक चढलेलं दिसतं, आणि मुलांना कुठल्या इमारतीचे किती मजले डोंगरात गेलेत ते मोजायला लावता येतं. परतताना बेंच स्ट्रीटपर्यंत एक तरी जिना चढा. आणि शनिवारी गेलात तर पोस्टाची वेळ आधी बघून घ्या. आजी-आजोबांना मुलांच्या हातचं एक पत्र तिथूनच टाका.